निःस्पृह अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख

सीमाभागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी चिंतामणराव देशमुखांचे नाव येते ते 1956 सालच्या राजीनाम्यामुळे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा बेत त्यांना अमान्य होता आणि त्यासाठी त्यांनी देशाचे अर्थमंत्रिपद सोडले. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्यामुळे ही आठवण आपल्याकडे अधिकच टिकून राहिली. परंतु त्यांच्या चरित्रात याहून कमी सांगितला गेलेला एक भाग आहे.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. 1912 साली मॅट्रिकला पहिला क्रमांक, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजचे शिक्षण, आय. सी. एस. परीक्षेतील यश, ही चढती कमान सर्वश्रुत आहे. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 साली अर्थमंत्री.

ज्याच्या एका सहीने बाजारभाव चढतात वा उतरतात, त्याने स्वतः त्या बाजारात उतरावे काय? निपाणीच्या वाचकांना हे समजावयास कठीण नाही. तंबाखूवरील कर ठरविणाऱ्याच्याच मालकीची तंबाखूची वखार असेल, तर कर कोणाच्या सोयीने ठरेल? 19 जानेवारी 1956 रोजी आयुर्विम्याचा धंदा सरकारने वटहुकमाने ताब्यात घेतला. देशी-परदेशी मिळून 245 संस्था होत्या. मालकांना पैसा इकडेतिकडे करण्यास वाव मिळू नये म्हणून ही गोष्ट अखेरपर्यंत गुप्त राखली गेली आणि चिंतामणरावांनी ती आकाशवाणीवरून जाहीर केली. तशी बातमी एखाद्या व्यापाऱ्याला आधी कळती, तर केवढा घोटाळा झाला असता!

आणि पुढे घोटाळा झालाच, पण निराळ्या मार्गाने. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे भाग विकत घेतले. विमेदारांचा पैसा एका सटोडियाच्या मदतीस गेला. न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि 1958 साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

1959 साली, विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असताना, चिंतामणरावांनी मंत्र्यांवरील तक्रारींच्या चौकशीसाठी कायमचे निःपक्षपाती न्यायमंडळ नेमावे अशी मागणी केली. असे मंडळ नेमल्यास आपल्याला ठाऊक असलेली प्रकरणे त्यापुढे मांडण्याची तयारीही त्यांनी दर्शविली. पंडित नेहरूंनी ती मागणी मान्य केली नाही. त्याने परस्परांविषयी संशयाचे वातावरण पसरेल, असे त्यांना वाटत होते. नेहरूंची भीती अगदीच निराधार नव्हती. तरी माझ्या मते चिंतामणरावांचा आग्रहच रास्त होता, कारण चौकशीची सोय नसली म्हणून संशय थांबत नाही, तो कुजबुजीने वाढतो.

पुढे संथानम समितीचा अहवाल आला आणि 1964 साली मंत्र्यांसाठी आचारसंहिता झाली. मंत्र्याने आपली व कुटुंबाची मालमत्ता, कर्ज आणि व्यापारी हितसंबंध पंतप्रधानांना कळवावेत, धंद्याच्या कारभाराशी संबंध तोडावा, असे तीत ठरले. मात्र ती यादी जनतेने पाहावी असे तीत नव्हते. निवडणुकीच्या उमेदवारांची मालमत्ता मतदारांना कळू लागली ती सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 सालच्या निकालानंतर.

कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा रसिक अर्थशास्त्रज्ञ 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबाद येथे निवर्तला. लोकपालाचा कायदा 2013 साली संमत झाला आणि पहिला लोकपाल 2019 साली नेमला गेला, चिंतामणरावांच्या मागणीनंतर साठ वर्षांनी.