सोडवायला बहीण आली

परीकथेतल्या राजकन्येला सोडवायला कोण येतं? घोड्यावर बसून राजपुत्रच ना? लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो. म्हणूनच क्रिस्तिना रोझेटीची एक दीर्घ कविता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चकित झाले. त्यात राजपुत्र नाहीच. मरणाच्या दारातल्या मुलीला तिची सख्खी बहीण ओढून आणते. आजकाल वयात येणाऱ्या मुलींसाठी इंग्रजीत अंधाऱ्या, गूढ कादंबऱ्यांची लाटच आली आहे. त्यातली एस. जे-जोन्स यांची ‘विंटरसाँग’ (2017) तर थेट याच कवितेच्या मुळावर उगवलेली. तिथेही पाताळात नेलेल्या धाकटीला आणायला थोरलीच जाते.

ही कविता लिहिणारी क्रिस्तिना जन्मली 5 डिसेंबर 1830 रोजी, लंडनमध्ये. वडील इटलीतून परागंदा झालेले कवी, किंग्ज कॉलेजात इटालियन शिकवायचे. 1827 ते 1830 या चार वर्षांत घरात चार पाळणे हलले. थोरली मारिया, मग दांते गॅब्रिएल (पुढे मोठा चित्रकार झाला तो), विल्यम आणि शेंडेफळ क्रिस्तिना. भुताखेतांचा वारसा म्हणाल तर आईकडून आलेला. क्रिस्तिनाच्या जन्माआधीच वारलेल्या पोलिडोरीमामाची रक्तपिपासू व्हॅम्पायरची गोष्ट 1819 मध्ये प्रसिद्ध झाली होती!

क्रिस्तिना लहानपणी महातापट. एकदा आई रागावली म्हणून पोरीने कात्री घेतली आणि स्वतःच्याच हातावर ओढली. मारिया मात्र शांत, देवभोळी, अभ्यासू. 1843 च्या सुमारास वडिलांची तब्येत ढासळली, दृष्टी अधू झाली, कमाई आटली. आई शिकवण्यांना जाऊ लागली. मारिया सतराव्या वर्षाच्या आसपास परक्या घरी मुलांना शिकवायला राहिली आणि आजारी वडिलांजवळ उरली धाकटी. त्याच काळात क्रिस्तिनाची प्रकृती जी बिघडली, ती कायमचीच नाजूक झाली. तापट पोर पुढे अबोल, काटेकोर बाई झाली. इतकी स्वतःला आवळून घेतलेली, की वाचताना मला तिची काळजीच वाटते.

तिच्या सोळाव्या वर्षी आजोबांनी घरच्या छापखान्यात तिच्या कवितांचं पुस्तक छापलं. नातीचं असं कौतुक करणारे आजोबा त्या काळात किती असतील? लग्नाचं मात्र जमलं नाही. एका चित्रकाराशी ठरलेलं लग्न 1850 मध्ये मोडलं. पुढे 1866 मध्ये चार्ल्स केलीने मागणी घातली. तो तिला मनापासून आवडत होता, पण श्रद्धा जुळेना, म्हणून तिने नकार दिला. मैत्री मात्र त्याच्या मरणापर्यंत टिकली.

आता ती कविता. 1859 च्या एप्रिलमध्ये तिने ‘गॉब्लिन मार्केट’ लिहून पूर्ण केली. गॉब्लिन म्हणजे ठेंगणे, मायावी जीव. कुणाचं तोंड मांजराचं, कुणाची चाल उंदराची. तिन्हीसांजेला ओढ्याकाठी ते रसरशीत फळं विकायला येतात. लॉराकडे पैसे नसतात, म्हणून ती सोनेरी केसांची बट कापून देते आणि फळं चोखून खाते. दुसऱ्या दिवशीपासून तिला त्यांची हाळी ऐकूच येत नाही. झुरून झुरून केस पांढरे होतात. अशीच एक मुलगी आधी मेलेली असते. शेवटी बहीण लिझी एक नाणं घेऊन निघते. गॉब्लिन म्हणतात, इथेच बसून खा. ती नाही म्हणते. मग मारहाण, ओढाताण, तोंडावर फळं चिरडणं. ती ओठ घट्ट मिटून उभी राहते आणि अंगभर माखलेला रस घेऊन घराकडे धावते. तोच रस लॉराला कडूजहर लागतो आणि तिला वाचवतो.

मला यातलं धाडस वेगळंच दिसतं. त्या काळच्या गोष्टींत पाऊल घसरलेल्या मुलीला सहसा मरावंच लागे. लॉरा जगते. एवढंच नाही, तिचं लग्न होतं, मुलं होतात आणि मुलांना जवळ घेऊन ती हीच गोष्ट सांगते. 1859 पासूनच क्रिस्तिना हायगेटच्या एका आश्रमात काम करत होती. रस्त्यावरच्या आयुष्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुली तिथे राहायच्या. त्यांच्यासाठी तिथे दार उघडं होतं, पण बाहेर समाज त्यांना परत घेणार होता का?

1862 मध्ये पुस्तक निघालं, चित्रं दांते गॅब्रिएलची. प्रकाशक मॅकमिलनने केंब्रिजच्या कामगारांपुढे कविता वाचली. आधी त्यांना वाटलं, आपली थट्टाच चालली आहे. मग सगळे चिडीचूप, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट.

कविता मुळात अर्पण केली होती ती मारियाला. का? विल्यमच्या मते त्यामागे काहीतरी खरी घटना असणार, पण कोणती ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दोघी बहिणींनी ते गुपित बरोबरच नेलं.

1871 मध्ये क्रिस्तिनाला थायरॉइडच्या ग्रेव्हज आजाराने गाठलं. डोळे बाहेर आले, केस गळले. 1873 मध्ये मारिया जोगीण झाली आणि तीनच वर्षांत गेली. आई 1886 मध्ये गेली, मग म्हाताऱ्या मावश्यांचं करणं आलं. 1892 मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पण दुखणं उलटलं आणि 29 डिसेंबर 1894 ला तिने डोळे मिटले.

1885 च्या एका पुस्तकात तिने नाव न घेता मारियाची आठवण लिहिली आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये ममींच्या दालनात जायला मारिया कचरायची. घाबरून नव्हे हं! नेमका त्याच वेळी अंतिम निवाड्याचा दिवस उगवला आणि सगळे मृत उठू लागले, तर आपण तिथे तमाशा बघत उभ्या, हे तिला बरं वाटत नसे.