मांजरीच्या पिल्लाचे अब्बा

रमजानच्या दिवसांत मशिदीतल्या बयानात एक नाव हटकून कानी पडते : हजरत अबू हुरैरा (रजि.). पैगंबरसाहेबांचे हे सहाबी, म्हणजे सोबती. अरबीत ‘अबू’ म्हणजे बाप आणि ‘हुरैरा’ म्हणजे मांजरीचे इवलेसे पिल्लू. हे काही पाळण्यातले नाव नव्हे. मूळ नाव अब्द शम्स, सूर्याचा दास, असे सांगतात. इस्लाम स्वीकारल्यावर ते अब्दुर्रहमान झाले. दोन्ही मागे पडली, पिल्लू तेवढे राहिले.

ते कसे, हे त्यांनीच सांगितल्याची नोंद तिर्मिजींच्या हदीस-संग्रहात आहे. यमनकडच्या दौस कबिल्यातले अबू हुरैरा घरच्या शेळ्या चारत. त्यांच्याजवळ मांजरीचे एक पिल्लू होते. रात्री ते त्याला झाडावर ठेवत, दिवसा शेळ्यांमागे जाताना सोबत नेत आणि त्याच्याशी खेळत. लोकांनी त्यावरून नाव पाडले. झाडावरच का, हे हदीसमध्ये नाही. पण ज्यांनी घरात पिल्लू आणले आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही. नवख्या पिल्लाला पहिल्या रात्री सगळे घर नको असते. आडोशाची, कुणाची वर्दळ नसलेली एक जागा हवी असते, आणि दिवसा एकाच माणसाची सोबत. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, तेही या धास्तीपोटीच.

(झोपलेली मांजर उठू नये म्हणून पैगंबरांनी अंगरख्याची बाही कापली, ही गोष्ट मोबाइलवर फार फिरते. गोड आहे, पण हदीसच्या जुन्या संग्रहांत ती नाही.)

पिल्लाला ठाव देणारे अबू हुरैरा स्वतः पोरके वाढले. पोटाला अन्न मिळावे एवढ्यासाठी त्यांनी दुसऱ्याच्या घरी चाकरी केली. हिजरी सन 7 मध्ये, म्हणजे इ. स. 628 च्या सुमारास, ते मदिनेला आले. घर नव्हते. मशिदीला लागून ‘सुफ्फा’ नावाचा छपराचा ओटा होता, तिथे निराश्रित राहत. तेही तिथेच राहिले. भुकेने पोटावर दगड बांधण्याची वेळ येई. एकदा वाटेवर बसून ते जाणाऱ्या-येणाऱ्यांना कुराणातल्या आयती विचारू लागले. खरे तर कुणी घरी जेवायला नेईल, ही आशा होती. कुणाला कळले नाही. पैगंबरांनी मात्र चेहऱ्यावरून ओळखले. घरात दुधाचा एकच वाडगा आला होता. पैगंबरांनी सांगितले, आधी सुफ्फ्यावरच्या सगळ्यांना बोलाव. अबू हुरैरा मनात खट्टू झाले; आता आपल्या वाट्याला काय उरणार? सगळे प्याले, मग ते स्वतः पोटभर प्याले आणि उरलेले दूध शेवटी पैगंबरांनी घेतले.

रमजानच्या दानाच्या धान्यावर त्यांना राखणदार नेमले, तेव्हाचा किस्सा या महिन्यात मुलांना सांगायलाच हवा. रात्री धान्य उचलताना एक जण सापडला. बायकापोरांची उपासमार सांगून रडू लागला, तर यांनी सोडून दिला. दुसऱ्या रात्रीही सोडला. पैगंबरांनी आधीच बजावले होते, तो खोटारडा आहे, पुन्हा येईल. उपाशी माणसाची कड घेण्यात राखणदार दोनदा फसला, पण त्याबद्दल पैगंबर रागावल्याचे त्या हकिकतीत नाही.

त्यांच्या नावावर 5374 हदीस मोजल्या जातात. हा इतके कसे सांगतो, अशी कुरकूर त्यांच्या हयातीतच झाली. त्यांचे उत्तर साधे होते : कुणी बाजारात गुंतले होते, कुणी शेतीत, आपण पोटापुरते मिळाले की पैगंबरांची पाठ सोडली नाही. त्यांचे शिष्य हम्माम यांनी लिहून घेतलेल्या 138 हदीसांची वही विसाव्या शतकात हस्तलिखितांतून शोधून छापली ती हैदराबादच्या डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी.

त्या हदीसांपैकी एक मांजरीची आहे. एका बाईने मांजर बांधून ठेवली. तिला खायलाही घातले नाही आणि किडामुंगी शोधून खायला मोकळेही सोडले नाही. मांजर मेली, बाई नरकात गेली.

पुढे ते काही काळ मदिनेचे हंगामी अमीर झाले. तेव्हाही पाठीवर सरपणाचा भारा घेऊन बाजारातून जात आणि अमीरासाठी वाट सोडा, असे हसत म्हणत. हिजरी 59 च्या सुमारास ते मदिनेतच वारले. त्यांची कबर बकीच्या कब्रस्तानात आहे.