रिबेका रूबेन : माझगावच्या शाळेतील विदुषी

कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसाला यहुदी समाजाची ओळख होते ती बहुधा न्यू मार्केटातील नाहूमच्या केकवरून, फार तर मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या उंच मनोऱ्यावरून. ही मंडळी अलेप्पो-बगदादकडची. त्यांची घरची भाषा अरबी. परंतु ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलली गेली, ज्यांची आडनावे किहीम, राजपूर, पेण या गावांवरून पडली आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणाने ज्यांना शनवार तेली म्हटले, ते बेने इस्राएल आपलेच. न्यू टाउनमध्ये आता विद्यापीठे उभी राहिली आहेत आणि आपली मुले तेथे जाऊ लागली आहेत. लहान समाजाने मुलांना विद्यापीठापर्यंत कसे न्यावे आणि नेताना आपले काय राखावे, हा प्रश्न आपल्यापुढे आहे, तसा त्यांच्यापुढेही होता. म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकात त्या समाजातील एका शिक्षिकेचे चरित्र द्यावे असे आम्हांस वाटले.

रिबेका रूबेन यांचा जन्म १८८९ चा. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना दार उघडले ते १८८३ साली. पुण्याच्या हुजूरपागेची स्थापना त्यानंतर एका वर्षाने झाली. त्या शाळेत शिकलेल्या रिबेका १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. हा मान एका मुलीला मिळण्याची ती पहिलीच वेळ. हुजूरपागेतच शिकलेल्या त्यांच्या समाजभगिनी जेरुशा झिराड टाटांच्या निधीतून कर्ज घेऊन विलायतेस गेल्या, लंडनच्या एम. डी. झाल्या आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. रिबेका यांनी लंडनला अध्यापनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि केंब्रिजला हिब्रूचा अभ्यास केला.

परतल्यावर त्यांनी १९१७ पासून काही वर्षे बेने इस्राएल समाजाचे इंग्रजी वार्षिक संपादित केले. पण त्यांचे खरे कार्य सुरू झाले १९२२ साली, मुंबईच्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून. ही शाळा हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली काढलेली. समाज कारकून, शिपाई, सुतार अशा बेताच्या मिळकतीच्या लोकांचा; मुलगा चार इयत्ता शिकला की त्याला कामास लावण्याकडे कल. हिब्रू येई ती प्रार्थनेपुरती, आणि तीही अर्थ न कळता. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले होते; ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. म्हणजे विद्यापीठात हिब्रूला जागा होती. उणीव होती ती तेथवर मुले पोहोचविणाऱ्या शाळेची.

केंब्रिजची विद्या घेऊन आलेल्या बाईंना मोठ्या महाविद्यालयात सहज मान मिळाला असता. त्यांनी लहान शाळा पत्करली, आणि आमच्या मते समाजाला तोच निर्णय अधिक फळला. प्राध्यापिकेपर्यंत जी मुले मुळात आलीच नसती, ती मुख्याध्यापिकेला बालवयातच भेटली. मराठी घरची, इंग्रजी परीक्षेची आणि हिब्रू धर्माची, असा तिहेरी संसार त्या शाळेने सांभाळला. बाईंनी शाळांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तकेही लिहिली. सर एली कदूरी या बगदादी दानशूराच्या साहाय्यानंतर शाळेस त्यांचे नाव मिळाले. रक्ताने आणि रीतीने वेगळ्या अशा दोन यहुदी समाजांत पुष्कळदा दुरावा असे, हे लक्षात घेता या देणगीचे मोल पैशापलीकडचे आहे.

अठ्ठावीस वर्षांनी, १९५० साली, त्या निवृत्त झाल्या. तोवर काळ पालटला होता. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, आणि ज्या मुलांसाठी शाळा उभी राहिली त्यांची कुटुंबे पुढील वर्षांत एकामागून एक निघून गेली. १९५७ साली रिबेका रूबेन निवर्तल्या. माझगावच्या त्या शाळेत पुढे बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान झाले. आपल्या पार्क स्ट्रीटवरील ज्यू गर्ल्स स्कूलमध्येही तेच घडले, आणि दोन्ही शाळांनी जुनी नावे टाकली नाहीत. तिकडे इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल मंडळींनी एक मराठी नियतकालिक काढले, आणि त्याचे नाव ठेवले ‘मायबोली’.