वर्ध्याचा मुलगा, मेक्सिकोचा मका

मैत्रिणींनो, आमच्या बिलोलीत कुणी मला काय काम करतेस असं विचारलं, तर मी सांगते, बियाण्याच्या लॅबमध्ये आहे. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. म्हणजे पाकिटं भरतेस का? आता बस स्टँडवर उभ्या उभ्या काय समजावून सांगणार? मी आपली हो म्हणते आणि एस.टी. गाठते.

खरं तर माझं काम पाकिटं भरण्याचंही आहेच. पण त्याआधी बरंच काही असतं. कपाशीच्या हंगामात दुपारी तीननंतर आम्ही शेतात उतरतो. उद्या उमलणार अशी कळी हेरायची, नखानं तिचा नरभाग अलगद काढायचा आणि वर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग आणून तिला लावायचे, दोरा बांधायचा, चिठ्ठी अडकवायची. लॅबमध्ये असलो की कोवळी पानं खलबत्त्यात घोटून त्यातून डीएनए काढायचा. आपण मिरचीचा ठेचा करतो तसंच म्हणा ना! फरक इतकाच की इथे एका पानाचा कण दुसऱ्यात गेला, तर सगळं मुसळ केरात.

तर काही वर्षांपूर्वी माझ्या हातून तेच झालं. दोन पाकिटांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पेरणी झाली, झाडं वाढली आणि एके दिवशी पिवळ्या फुलांच्या ओळीत मला पांढरी फुलं दिसली. माझ्या पोटात गोळाच आला. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सांगावं तर सगळा हंगाम वाया गेला म्हणून बोलणी खावी लागणार. न सांगावं तर चुकीचं बी पुढे जाणार, आणि पुढे म्हणजे शेवटी आपल्यासारख्याच कुणाच्या तरी वावरात. दोन दिवसांची रजा टाकून मी बिलोलीला आले. नोकरीच सोडून द्यावी, असंही मनात येऊन गेलं.

मन रमेना म्हणून मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचलं असेल. त्याच वीणा गवाणकरांनी डॉ. पांडुरंग खानखोजे यांचंही चरित्र लिहिलं आहे. शाळेत गदर पक्षाच्या धड्यात हे नाव कधीतरी वाचल्यासारखं वाटत होतं. पण हा माणूस माझ्याच धंद्यातला, बियाण्यातला, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८० च्या दशकात वर्ध्याला जन्मले. घर मध्यमवर्गीय. मुलाचं लक्ष मात्र अभ्यासापेक्षा क्रांतीच्या गोष्टींत जास्त. लोकमान्य टिळकांना ते फार मानत. लढाईचं शिक्षण घ्यायचं तर देशाबाहेर जायला हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं आणि १९०६ च्या सुमारास विशीतला हा मुलगा बोटीवर चढला. जपानमार्गे अमेरिकेला पोचला. तिथे त्यांनी दोन गोष्टी शिकायला घेतल्या. एक सैनिकी शिक्षण आणि दुसरी शेती. बंदूक आणि बियाणं! मला याचं आधी नवल वाटलं. मग वाटलं, यात विचित्र ते काय? ज्या मुलानं लहानपणी दुष्काळाची वर्षं पाहिली, त्याला इंग्रज जाणं आणि पोटाला भाकरी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नसतील. १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ त्यांच्या शाळकरी वयातलेच.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पंजाबी मजूर लाकडाच्या वखारीत आणि शेतात राबत होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या पहिल्या फळीत ते होते. एकीकडे हे आणि दुसरीकडे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेतीचं शिक्षण. पहिलं महायुद्ध पेटलं तसे ते पुस्तकं मिटून निघाले. तुर्कस्तान, इराण अशा वाटेनं हिंदुस्थानच्या सरहद्दीकडून इंग्रजांवर चाल करायची, असा बेत होता. इराणच्या डोंगराळ भागात ते लढले, इंग्रजांच्या हाती सापडले, निसटलेही. पण युद्ध संपलं आणि बेत फसला. मग बर्लिन झालं, १९२१ मध्ये मॉस्को झालं. हाती काही लागेना. घरी परतावं तर इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव.

इथे मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. माझा एक हंगाम गेला म्हणून मी नोकरी सोडायला निघाले होते. या माणसाची तर वीसेक वर्षं गेली होती. वय चाळिशीला टेकलेलं, देश नाही, घर नाही, पैसा नाही. आणि त्या वयात त्यांनी काय केलं? १९२४ मध्ये मेक्सिको गाठलं आणि पुन्हा पहिल्यापासून बियाणं हातात घेतलं.

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटायचं काम चाललं होतं. पण नुसती जमीन हाती येऊन काय होतं? बी कुठलं पेरायचं, हे कुणी सांगायचं? चापिंगो या गावी राष्ट्रीय कृषिविद्यालय होतं. तिथे खानखोजे शिकवायला लागले. भाषा स्पॅनिश, माती परकी, आणि पीक होतं मका.

मका हे मेक्सिकोचंच लेकरू. तिथल्या तिओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तो घडू लागला. त्या गवताच्या इवल्याशा कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. तिथल्या शेतकरी बायका-माणसांनी पिढ्यान् पिढ्या चांगलं कणीस निवडून बियाण्याला ठेवलं, तेव्हा कुठे आजचं भरदार कणीस झालं. आपल्या आज्या ज्वारीची चांगली कणसं आढ्याला टांगून ठेवायच्या ना, तेच शास्त्र.

मक्याची आणखी एक गंमत सांगते. शेंड्यावरचा तुरा हा नर आणि मधलं कणीस ही मादी. कणसाबाहेर लोंबणारे जे रेशमी केस आपण उपटून टाकतो, त्यातला एकेक केस म्हणजे एकेक दाणा. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्या जागी दाणा भरत नाही. भाजलेल्या कणसात मधेच रिकाम्या जागा दिसतात, त्या याच. म्हणून संकर करायचा तर कणसाचे केस बाहेर पडायच्या आधीच त्यावर पिशवी घालायची, तुऱ्यालाही पिशवी बांधून पराग गोळा करायचे आणि ठरलेल्या कणसावरच झटकायचे. मग त्या दाण्यांची पुढच्या वर्षी पेरणी. त्यातून निवड, पुन्हा पेरणी. एका वाणामागे सहा-आठ वर्षं सहज जातात.

खानखोजे हेच करत राहिले. थंडीला, कोरडवाहू जमिनीला टिकेल असा मका त्यांना हवा होता. रानातल्या तिओसिंतेशी त्यांनी मक्याचा संकर केला. एकाच ताटाला अनेक कणसं धरणाऱ्या मक्यावर त्यांनी काम केलं. गहू, डाळी यांवरही प्रयोग केले. पण मला सगळ्यात आवडलं ते दुसरंच. हे सगळं त्यांनी लॅबच्या कपाटात ठेवलं नाही. गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी फी नसलेल्या शेतीशाळा काढल्या. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेही तिथे शिकले.

त्या वेळचे मोठे चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र होते. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरांनी भिंतीवर १९२८ मध्ये एक पंगत रंगवली. वेगवेगळ्या वंशांची माणसं एका टेबलाभोवती बसली आहेत आणि मधोमध बसलेला माणूस भाकर वाटतो आहे. तो माणूस म्हणजे आपले खानखोजे! टीना मोदोत्ती या इटालियन बाईंनी त्यांच्या मक्याचे फोटो काढले. त्याही पुढे फार नावाजल्या.

१९३६ मध्ये खानखोजेंनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. नवरा पन्नाशीचा आणि ती खूपच लहान. दोन मुली झाल्या. थोरलीचं नाव सावित्री, धाकटीचं माया. मेक्सिकोत जन्मलेली सावित्री! नावातूनच कळतं, माणसाचं मन कुठे होतं ते.

देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांताच्या सरकारनं शेतीच्या सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं. आणि काय व्हावं? इंग्रज गेले तरी त्यांची काळी यादी कागदोपत्री तशीच होती. ज्या देशासाठी जन्म घालवला, त्याच देशाच्या दारात या म्हाताऱ्या माणसाची अडवणूक झाली. वाचताना माझे डोळे भरून आले. पुढे १९५० च्या दशकात ते कुटुंबासह नागपूरला येऊन राहिले. जान यांचा मला राहून राहून विचार येतो. नवऱ्याचा देश तो आपला देश असं म्हणणं सोपं असतं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात नवी भाषा, नवी माणसं घेऊन संसार पुन्हा मांडणं सोपं नसतं. परगावी सासरी गेलेल्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको.

जानेवारी १९६७ मध्ये खानखोजे नागपुरात वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं भारतात आलं होतं. हरितक्रांती म्हणतात ती त्यातून झाली. ते बियाणं डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातलं, खानखोजेंचं नव्हे. पण बोरलॉग मेक्सिकोत पोचले १९४४ मध्ये. त्याच्या वीस वर्षं आधी वर्ध्याचा एक माणूस त्याच देशात शेतकऱ्यांसाठी वाण शोधत होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मेक्सिकोनं मात्र आठवण ठेवली. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

माझ्या आईनं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. तिला मी हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुझ्या चिठ्ठीचं काय? मी गप्पच झाले.

सोमवारी पहिल्या गाडीनं मी गेले आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. बोलणी खाल्ली, चांगलीच खाल्ली. त्या ओळी उपटून टाकल्या. पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्या कळीपासून सुरुवात केली. तेव्हापासून चिठ्ठी बांधली की मी ती मोठ्यानं वाचते, मग दुसरीकडून वाचून घेते. बरोबरच्या पोरी हसतात. हसू देत.

एक मात्र मनाशी पक्कं झालं. बियाण्याच्या पाकिटावर माझं नाव कधीच येणार नाही, येऊही नये. पण त्यावर जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे. आणि हंगाम हातचा गेला, तर तो गेला असं कबूल करून पुन्हा पेरायचं. खानखोजेंनी तर चाळिशीत, परक्या मातीत पेरलं.

बस स्टँडवर अजूनही कुणीतरी विचारतंच, पाकिटं भरतेस का म्हणून. आता मी सांगते, हो, भरते. पण आधी दोनदा तपासते!