रंग हुकले, रेषा राहिली

सुरगाण्याला माझ्या मामांचे छोटेसे गॅरेज आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे उतारू नेणारी एक जुनी जीप दुरुस्तीला आली. मामांनी इंजिनाचे हेड उतरवले आणि आठ वॉल्व्ह धुवायला मला दिले. मी ते चकचकीत धुतले आणि एकाच थाळीत ठेवले. तिथेच चुकलो. प्रत्येक वॉल्व्ह आपापल्या सीटवर बसून झिजलेला असतो. जागा बदलली की तो घट्ट बसत नाही. हवा आत घेणारा इनटेक वॉल्व्ह मोठ्या तोंडाचा आणि जळका धूर सोडणारा एक्झॉस्ट लहान, एवढे ओळखता आले. पण चार इनटेकपैकी कोणता कुठला, हे कोण सांगणार? आठही नव्याने घासावे लागले आणि जीपवाल्याचा बाजाराचा दिवस बुडाला. मामा काही बोलले नाहीत. कला शाखेच्या मुलाने या भानगडीत पडू नये, असे माझे मलाच वाटले.

त्याच दिवसांत मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाचत होतो.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तिथे उघड झाले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यात ते निष्णात झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथील यंत्रे हाताळता हाताळता कागदावरची विद्या त्यांच्या हातांत उतरली.

हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावला आले. थोरले बंधू रामुअण्णा तेथे सायकलींचा व्यवसाय पाहत होते. दोघांनी मिळून कडबा कापायची यंत्रे केली, पुढे लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात. खप सुरू व्हायला दोन वर्षे गेली. जम बसतो तोच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४६ साली, चिरंजीव शंतनुरावांच्या कारकिर्दीत, पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या मुळाशी चित्रकलेचा एक विद्यार्थी होता, हे वाचून मला धीर आला.

सुट्टी संपण्यापूर्वी दुसरी जीप आली. या वेळी मी आधी पुठ्ठ्यावर हेडची आकृती काढली, आठ भोके पाडली आणि त्यांना आकडे घातले. निघालेला प्रत्येक वॉल्व्ह त्याच्याच भोकात खोवला. पेस्ट लावून सीटवर फिरवत घासला की वॉल्व्हच्या कडेवर एक करडे कडे उमटते; ते कुठेही तुटलेले नसले म्हणजे बैठक जमली. मग पेस्ट स्वच्छ पुसायची, दांडीला तेल लावून वॉल्व्ह गाईडमध्ये सरकवायचा, वर स्प्रिंग ठेवायची आणि ती दाबून दोन लॉक बसवायचे. ते करडे कडे पाहायला रंग ओळखणारा डोळा लागत नाही. रेष कुठे तुटली हे पाहणारा डोळा लागतो.

काम झाल्यावर मामांनी तो पुठ्ठा फेकला नाही. खिळा ठोकून भिंतीला टांगला.