एकट्याची चाळ

दुसऱ्या वर्षाला असताना, सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. माझी रूममेट ड्रॉइंग शीट काढता काढता मोबाइलवर 'बटाट्याची चाळ' ऐकत होती. ती हसून हसून लोळत होती आणि मी मख्खासारखी तिच्याकडे बघत होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा परिणाम! घरी बोलतो तेवढंच मराठी, त्यामुळे अर्धे विनोद डोक्यावरून गेले. शेवटी मी विचारलं, की यात एकूण नट किती आहेत? ती म्हणाली, एकच. मला वाटलं, फिरकी घेतेय.

तो एकच माणूस म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. आता पु. लं.वर लेख म्हटलं की तुम्हा सगळ्यांना पाठ असलेली वाक्यं पुन्हा छापायची, हे ठरलेलंच. म्हणून इथे त्यांचं एकही वाक्य देत नाही. मला कोडं पडलं ते वेगळंच. हा माणूस सिनेमात होता, टीव्हीत तर अगदी पहिल्या दिवसांपासून होता. मग ते सगळं सोडून एकटाच स्टेजवर का जाऊन उभा राहिला?

जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मुंबईचा. लहानपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. कायद्याचं शिक्षण झालं, पण पोटासाठी मास्तरकी केली, बेळगावात प्राध्यापकीही केली. पेटी उत्तम वाजवायचे. १९४७ च्या 'कुबेर'पासून सिनेमात काम सुरू झालं आणि पुढची सहा-सात वर्षं नुसता धडाका. कुठे नट, कुठे लेखक, कुठे संगीतकार. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त तर कमालच केली! कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि वर नायकही स्वतःच. त्यातला भीमसेन जोशींनी गायलेला अभंग आजही सकाळी रेडिओवर लागतो. एवढं सगळं हातात असताना त्यांनी सिनेमाला रामराम ठोकला. वय चौतीसच्या आसपास!

मग पुणे आकाशवाणी. तिथून युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर लंडनला, बीबीसीत प्रशिक्षण. परत आले तेव्हा दिल्लीत टीव्ही जन्माला येत होता. १५ सप्टेंबर १९५९ ला प्रसारण सुरू झालं, तेही प्रायोगिक. आकाशवाणी भवनात तात्पुरता स्टुडिओ, छोटासा ट्रान्समीटर, आठवड्यातून जेमतेम दोनदा कार्यक्रम आणि रेंज दिल्ली व आसपास. (आमच्या ईएनटीसीच्या पोरांनी जरा विचार करावा!) या टीव्हीच्या सुरुवातीच्या निर्मात्यांत पु. ल. होते. टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांचाच. सरकारी नोकरी आणि देशातलं नवंकोरं माध्यम. आपल्या घरच्यांनी तर पेढे वाटले असते.

पण १९६१ मध्ये त्यांनी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं, म्हातारे, बायका, उपास, गच्चीचं आंदोलन, आणि सगळं करणारा माणूस एक! आवाज बदलला की दुसरा भाडेकरू. आज ज्याला आपण स्टँड-अप म्हणतो ते यापेक्षा वेगळं काय असतं? व्यवस्था सगळी सुनीताबाईंकडे आणि त्यांची शिस्त कडक. मग थोड्याच काळात नोकरीही सोडली.

का, याचं माझं उत्तर असं. कंट्रोल सिस्टिम्समध्ये ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकतो ना आपण? सिनेमा ओपन लूप. शॉट देऊन नट घरी जातो, हशा काही महिन्यांनी कुठल्यातरी थिएटरात पिकतो. स्टुडिओतला कॅमेरा तर हसतच नाही. स्टेजवर मात्र फीडबॅक जागच्या जागी. समोरचे हसले की क्षणभर थांबायचं, नाही हसले की गाडी पुढे. ज्याला हे कळतं त्याला दुसरीकडे करमणार कसं? आणि याच चाळीचे प्रयोग त्यांनी ऐन भरात असताना बंदही केले! मिळालेल्या पैशांतला मोठा वाटा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत समाजकार्याला गेला.

सिनेमा मात्र पुन्हा एकदा भेटला. १९९२ चा 'एक होता विदूषक', लेखन पु. लं.चं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. तमाशातला सोंगाड्या सिनेमात स्टार होतो, मग राजकारणी त्याला वापरतात. लक्ष्मीकांत बेर्डेला एरवी धमाल कॉमेडीत पाहिलेल्यांनी हा जरूर बघावा. पु. ल. स्वतः १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्ध प्रचाराला उतरले होते. निवडणूक जिंकली आणि हे परत आपल्या लेखनाकडे. पद नाही की काही नाही. त्यामुळे ही गोष्ट लिहायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण?

१२ जून २००० ला पुण्यात पु. ल. गेले. तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. आपल्यातली बहुतेक पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती.

गेल्या महिन्यात मी आणि रूममेटने पुन्हा ती चाळ ऐकली. यावेळी मीही लोळले. मग शेवटचं ते चिंतन आलं, जुन्या होत गेलेल्या चाळीचं. अख्खं थिएटर गप्प झालेलं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. आम्हीही गप्प. शीट तशीच अर्धी राहिली.