जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेताय? आधी अब्दुल करीम खाँसाहेबांची ही गोष्ट वाचा

अहिल्यानगर असो नाहीतर पुणे, सध्या जुने अ‍ॅम्प्लिफायर शोधणाऱ्यांची एक वेगळीच जमात तयार झाली आहे. कुणाला व्हॉल्व्हचा हवा असतो, कुणाला सत्तरच्या दशकातला जपानी ट्रान्झिस्टरचा. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, किती वॉटचा?

पण खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही त्यावर कुणाला ऐकणार?

समजा उत्तर आलं, अब्दुल करीम खाँ. मग त्यांचं आयुष्य माहिती असलेलं बरं.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावावरून किराणा घराण्याला नाव मिळालं. घरात गाणं पिढीजात. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायला आले आणि तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचं सूत जुळलं. हे लग्न घरच्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं, मुंबई गाठली. पुढे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले.

त्यांचं गाणं म्हणजे आरडाओरडा नाही. एकेक स्वर हळूहळू उलगडायचा, नाजूक, टोकदार आवाजात. सुरांच्या बाबतीत ते कमालीचे काटेकोर होते. म्हैसूर दरबारात जाणं-येणं असल्यामुळे कर्नाटक संगीताचाही त्यांच्यावर प्रभाव पडला.

भोंग्यापुढे नाजूक आवाज

१९०५ च्या सुमारास त्यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. तेव्हा माईक नव्हता, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. गायकाने एका भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि खाच कोरली जायची. ज्याचा आवाज दणदणीत, त्याची तबकडी चांगली. खाँसाहेबांच्या गाण्यातली निम्मी जादू तर हळुवार जागांमध्ये होती. ती भोंग्यात कुठून पोहोचणार?

१९२५ मध्ये चित्र बदललं. माईक आला आणि त्याचा क्षीण विद्युत संकेत वाढवणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आला. आता कुजबुजही तबकडीवर उतरू लागली. १९३० च्या दशकात खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या याच तंत्राच्या. झिंझोटीतली त्यांची ठुमरी घराघरांत, हॉटेलांत वाजू लागली. त्यांची तबकडी ऐकून गाण्याची ओढ लागलेल्या मुलांमध्ये एक होता भीमसेन जोशी. हा मुलगा पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला.

घर मात्र तुटलं

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. पण १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. तरी गाणं सुटलं नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावं महाराष्ट्राने डोक्यावर घेतली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगापेरुमाळ कोइल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावर नमाज अदा केली, तंबोरा लावून गायले आणि तिथेच प्राण सोडला, असं सांगितलं जातं. दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात झालं. आजही तिथे त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात.

मग अ‍ॅम्प्लिफायर कोणता?

स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या आसपास, म्हणजे खाँसाहेब गेल्यावर वीस वर्षांनी. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मोनो आहे. म्हणून ज्यावर मोनोचं बटण आहे तो अ‍ॅम्प्लिफायर आधी बघा. ते दाबलं की खाचेतली बरीच खरखर आपोआप कमी होते.

दुसरं, बास-ट्रेबलच्या खुंट्या हव्यातच. फोनो इनपुट एलपीच्या मापाने बनवलेला असतो, जुन्या ७८ च्या तबकड्यांचं माप वेगळं. या तबकड्यांना सुईही जाड लागते, एलपीची चालत नाही.

तिसरं, वॉटच्या मागे धावू नका. घरातल्या खोलीला वीस-तीस वॉट भरपूर होतात.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, हा आवडीचा भाग. पण व्हॉल्व्हच्या यंत्रात काहीशे व्होल्ट खेळत असतात आणि जुने कपॅसिटर सुकलेले असू शकतात. कारागिराला दाखवल्याशिवाय चालू करू नका. जपानमधून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असेल तर आपल्या २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडायचं नाही, नाहीतर धूर निघालाच म्हणून समजा.

आणि विकत घेण्याआधी एक परीक्षा. आवाज कमी ठेवा, खाँसाहेबांची झिंझोटी लावा आणि डोळे मिटा. हळुवार जागेवर यंत्राची घरघर ऐकू आली तर सौदा सोडा. स्वर ऐकू आला तर घरी न्या.